हौसेचा हप्ता

कर्ज फेडायचं असं घरात एकदा ठरलं की पहिल्या महिन्यात सगळंच बंद होतं. रविवारची मिसळ बंद, नाटक बंद, मुलांचं आइस्क्रीम बंद. वहीत पैन्‌पैचा हिशोब लिहिला जातो आणि महिनाअखेर खरोखरच चांगली रक्कम कर्जात भरली जाते. दुसरा महिना ओढाताणीत जातो. तिसऱ्या महिन्यात कुणाचा तरी वाढदिवस येतो किंवा रविवारला जोडून सुट्ट्या येतात, आणि इतके दिवस मन मारून राहिलेलं घर चार दिवसांत दहा-बारा हजार खर्च करून मोकळं होतं. हातात तेवढे पैसे नसतात, म्हणून तो खर्च क्रेडिट कार्डावर जातो. त्यानंतर वही उघडावीशी वाटत नाही.

लोक याला शिस्तीचा अभाव म्हणतात. मला ते पटत नाही. चूक आखणीत आहे. वर्ष-दीड वर्ष चालवायच्या योजनेत आनंदासाठी शून्य रुपये लिहिले, तर ती मोडणार हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं. दिवाळी येणार आहे, मे महिन्यात आंबे येणार आहेत, मुलीचा वाढदिवस दरवर्षी त्याच तारखेला येतो. तारीख ठाऊक असलेल्या खर्चाचा हप्ता आधीपासून बाजूला काढता येतो. तो किती असावा, कुठे ठेवावा आणि त्यापायी कर्जफेड नेमकी किती लांबते, हे आपण एका घराच्या हिशोबातून पाहू.

समजा, नाशिकच्या सातपूरला राहणारं चौघांचं कुटुंब आहे. नवरा एमआयडीसीतल्या कारखान्यात, बायको घरी शिकवण्या घेते. दोघांचे मिळून महिन्याला ४८,००० रुपये हातात येतात. घरभाडं, किराणा, दूध-भाजी, गॅस, शाळा, वीज, पेट्रोल, मोबाइल, गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे, औषधपाणी आणि आहेर धरून ३४,००० जातात. उरतात १४,०००. त्यातून मोटारसायकलचा ३,५०० रुपयांचा हप्ता जातो, तो अजून दीड वर्ष आहे. ८०,००० रुपयांचं सोनेतारण कर्ज आहे, त्याचं महिना एक टक्क्याने ८०० रुपये व्याज. राहिले ९,७००. आणि डोक्यावर ६०,००० रुपयांची कार्डाची थकबाकी.

(आहेर घरखर्चात मुद्दाम धरला आहे. लग्नसराईत चार पाकिटं द्यावीच लागतात, आणि ती हौसेच्या पैशांतून गेली तर हौस कधीच होत नाही.)

सध्या हे कुटुंब कार्डाची किमान देय रक्कम, म्हणजे ३,००० रुपये भरतं. उरलेले ६,७०० कुठे जातात ते दोघांपैकी कुणालाच सांगता येत नाही. कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के धरू. बरीच कार्डं याच्या आसपास व्याज लावतात. ६०,००० वर २,१०० रुपये व्याज, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३७८. एकूण २,४७८. भरले ३,०००, मुद्दल कमी झालं ५२२ रुपयांनी. दर महिन्याला थकबाकीच्या पाच टक्के एवढंच भरत राहिलं, तर एक रुपयाचीही नवी खरेदी न करता ही थकबाकी अर्ध्यावर यायला पाच वर्षांहून जास्त काळ लागतो. स्टेटमेंटवर किमान रक्कम ठळक छापलेली असते, त्यामुळे ती भरली की जबाबदारी संपली असं वाटतं. प्रत्यक्षात तिने एवढंच होतं की खातं थकीत म्हणून नोंदलं जात नाही आणि विलंब शुल्क लागत नाही.

इथेच कार्डाचा एक नियम समजून घ्यायला हवा, कारण हौसेचा सगळा हिशोब त्यावर उभा आहे. महिन्याची पूर्ण रक्कम वेळेत भरणाऱ्याला खरेदीपासून देय तारखेपर्यंतचे दिवस बिनव्याजी मिळतात. मागची थकबाकी शिल्लक असेल तर ही सवलत जाते. मग आज कार्डावर खाल्लेल्या जेवणावरही आजपासूनच व्याज सुरू होतं. म्हणून थकबाकी पूर्ण फिटेपर्यंत त्या कार्डावर एकही नवा खर्च नको, मग तो कितीही छोटा असो. कार्ड पाकिटातून काढून कपाटात ठेवा, खरेदीच्या आणि जेवण मागवायच्या अॅपमध्ये साठवलेला त्याचा क्रमांकही काढून टाका.

आता ९,७०० रुपयांची वाटणी. पहिले १,२०० गंगाजळीला. घरात दहा-पंधरा हजारही बाजूला नसतील तर पोराचा ताप किंवा गाडीची दुरुस्ती पुन्हा कार्डावरच जाते, म्हणून कर्ज चालू असतानाही ही बचत हवी. उरले ८,५००. हे सगळे कार्डात भरले तर नवव्या महिन्यात थकबाकी संपते आणि एकूण सुमारे ७२,४०० रुपये भरले जातात. त्यातले १,५०० हौसेसाठी ठेवून ७,००० भरले, तर अकराव्या महिन्यात संपते आणि एकूण ७५,६०० च्या आसपास जातात.

म्हणजे अकरा महिने दरमहा दीड हजारांची हौस केली, तर कर्ज दोन महिने लांबतं आणि जास्तीचं व्याज सुमारे ३,२०० रुपये पडतं. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो, पण इथे ते रुपयांत मांडता येतं. ते फुकट नाही हे मी लपवणार नाही. पण आता पहिली, कडक योजना तिसऱ्या महिन्यात मोडली तर काय होतं तेही पाहा. दरमहा ८,५०० भरून तीन महिन्यांनी थकबाकी ४१,२०० च्या जवळ येते. मग सुट्टीत १२,००० कार्डावर गेले, की ती ५३,२०० होते. पहिला हप्ता भरल्यावर ती ५४,००० होती. तीन महिने मन मारून घर जवळपास पहिल्या महिन्याच्या अखेरीस होतं तिथे परत आलं. दरमहा मिसळ खाऊन ७,००० भरणाऱ्या घराची थकबाकी तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ४५,९०० च्या आसपास असते. हे दुसरं घर सात हजारांनी पुढे आहे, आणि मुख्य म्हणजे त्याची वही अजून चालू आहे.

दीड हजार हा आकडा कुठून आला? सगळी बिलं आणि ठरलेले हप्ते देऊन जे उरतं त्याचा सहावा-सातवा हिस्सा मी धरतो. हा काही शास्त्रातला नियम नाही. पाचशे रुपयेसुद्धा चालतील. पण शून्य नको, आणि कर्जात जाणाऱ्या रकमेच्या अर्ध्यावरही जायला नको.

वर्षाचे हे १८,००० होतात. ते दर महिन्याला उडवायचे नसतात. आपल्या घरच्या हौशी तीन चालींच्या असतात. काही महिन्याच्या, काही मोसमाच्या, काही वर्षाच्या. या कुटुंबाने महिन्यातून एकदा चौघांची मिसळ ५०० रुपयांत धरली, तर वर्षाचे ६,०००. आंब्यांना १,५००. कालिदास कलामंदिरात एक नाटक, रिक्षा आणि नंतरचा चहा धरून १,५००. वणीच्या सप्तशृंगी गडावर किंवा गावच्या जत्रेला जाऊन येणं, एक मुक्काम धरून ४,०००. दिवाळीचे कपडे, फराळ आणि फटाके ५,०००. झाले अठरा हजार. महिन्याला ५०० खर्च होतात आणि १,००० साठत जातात, त्यामुळे दिवाळी येते तेव्हा तिचे पैसे आधीच आलेले असतात.

यात थोडं शहाणपण वापरलं तर त्याच पैशांत जास्त मिळतं. हापूस अक्षय्य तृतीयेला सगळ्यांनाच हवा असतो, त्यामुळे तेव्हा तो महाग असतो. मेच्या मध्यावर आवक वाढली की भाव उतरतो. तीन आठवडे थांबलात तर तेवढ्याच पैशांत जास्त आंबे येतात. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे मायलेकींचा प्रवास अर्ध्या पैशांत होतो. ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांचा तर मोफत. प्रवासात वाचलेले पैसे गडावरच्या जेवणात घाला.

हे पैसे ठेवायचे कुठे, हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. ज्या खात्यातून यूपीआय चालतं, त्यात ठेवलेले हौसेचे पैसे हौसेपर्यंत पोचत नाहीत. दुसऱ्या बँकेत, सहसा जुनं पगारखातं असतं तिथे, यूपीआय न जोडता पगाराच्या दिवशीच दीड हजार वळते करा. महिन्याची मिसळ त्यातून, पण पैसे काढून रोखीने. नव्याने आवर्ती ठेव उघडायची असेल तर बँकेची सहा किंवा बारा महिन्यांची उघडा. पोस्टाची आवर्ती ठेव चांगली आहे, महिना १०० रुपयांपासून सुरू होते, ऑक्टोबर २०२३ पासून तिचा दर ६.७ टक्के केला गेला. पण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी मोडता येत नाही, त्यामुळे दिवाळीच्या कामाची नाही.

आपल्याकडे बायकांची भिशी हे काम कितीतरी वर्षं करत आली आहे. महिन्याला ठरलेली रक्कम, पाळीपाळीने उचल, आणि दर महिन्याला भेटून खाणंपिणं हीच एक हौस. ओळखीतली, छोटी भिशी हौसेच्या पैशांसाठी ठीक आहे. व्याजाचं आमिष दाखवणारी, अनोळखी माणसांची मोठी भिशी टाळा. चिट फंड चालवायला १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि नोंदणी नसलेल्या ठिकाणी पैसे बुडाले तर दाद मागणं फार कठीण जातं. गंगाजळी मात्र कुठल्याच भिशीत टाकू नका. दुखणं तुमची पाळी यायची वाट पाहत नाही.

आता त्या ६,७०० रुपयांकडे वळू, जे कुठे जात होते ते सांगता येत नव्हतं. कर्जात असलेल्या घराला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगेन: हौस आणि गळती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि काटकसर करताना आपण नेमकी हौस कापतो व गळती तशीच ठेवतो. नाटक रद्द होतं, कारण तिकिटाचा आकडा डोळ्यांत भरतो. पण उशिरा घरी आल्यावर कंटाळून मागवलेलं जेवण, डिलिव्हरीचा आकार, कुणी न पाहणाऱ्या ओटीटीची वर्गणी, ऑफर संपतेय म्हणून घेतलेला टी-शर्ट हे सगळं शंभर-दोनशे-तीनशेच्या तुकड्यांत जातं. मागच्या महिन्याचं यूपीआयचं स्टेटमेंट काढा, दोघांनी शेजारी बसून प्रत्येक खर्चापुढे एकच प्रश्न विचारा: हे आपल्याला आठवतंय का? आठवत असेल आणि आठवून बरं वाटत असेल, तर ती हौस. कशाचे पैसे दिले हेच आठवत नसेल, तर ती गळती. अशा यादीतून दोन-तीन हजार सहज निघतात, आणि ते गेल्याचं दुःख कुणालाच होत नाही. कंटाळ्याच्या रात्रीसाठी भिजवलेली मुगाची डाळ आणि तांदूळ घरात असले, की मागवणं निम्म्यावर येतं.

मुलांना या बैठकीत घ्या. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हिशोब कळतो. यंदा किल्ल्यावर जायचं की मोठा केक आणायचा, हे त्याने स्वतः निवडलं तर नकार पचवणं त्याला सोपं जातं, आणि पैशांबद्दल घरात भांडण न करता बोलता येतं हे तो शिकतो. हे त्याला कुठली शाळा शिकवत नाही.

बिनव्याजी हप्त्यांबद्दल दोन शब्द, कारण दसरा-दिवाळीला मोठी हौस याच दाराने घरात येते. रिझर्व्ह बँकेने २०१३ साली शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली. आज ‘नो-कॉस्ट’ म्हणून जे मिळतं त्यात व्याज असतंच. विक्रेता तेवढी रक्कम सवलत म्हणून आधी वजा करतो. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाते, आणि रोखीने घेतल्यावर मिळू शकणारी सूट बऱ्याचदा हातची जाते. रक्कम फार नसते. खरं नुकसान असं की पुढचे नऊ-बारा महिने हौसेचा हप्ता आधीच खर्च झालेला असतो. साठवून घेतलेल्या फ्रिजचं आणि हप्त्याने घेतलेल्या फ्रिजचं पाणी सारखंच थंड असतं, पण पहिला घरात येतो त्या दिवशी त्याचं देणं संपलेलं असतं.

कर्जांमध्ये आधी कुठलं फेडायचं हे दर पाहून ठरवा, आणि दर नीट पाहा. गाडी किंवा घरगुती वस्तूंसाठीच्या काही कर्जांत ‘फ्लॅट’ दर सांगतात. एक लाख रुपये, १२ टक्के फ्लॅट, तीन वर्षं: व्याज ३६,०००, हप्ता ३,७७८ रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर आकारलेलं असतं, म्हणून घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर सुमारे २१ टक्के होतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्यांचं विवरणपत्र देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे आकार धरून वार्षिक खर्चाचा दर लिहिलेला असतो आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. मराठीत मागा. सही करण्याआधी तेवढा एक आकडा वाचा.

सातपूरच्या घरात कार्डाचा दर सर्वांत चढा आहे, म्हणून आधी ते. कारखान्याची पगारदार पतसंस्था असेल तर आणखी चांगली वाट आहे. तिथे १५ टक्क्यांनी ६०,००० घेऊन कार्ड एकदम फेडलं आणि तेच ७,००० दरमहा पतसंस्थेत भरले, तर दहाव्या महिन्यात सगळं संपतं आणि एकूण ६४,००० च्या आसपास जातात. कार्डात भरत बसण्यापेक्षा साडेअकरा हजारांहून जास्त वाचतात. प्रोसेसिंग फी किंवा शेअरची रक्कम त्यातून वजा करा. अशा कर्जाच्या व्याजावर कार्डासारखा जीएसटीही लागत नाही. धोका एकच, आणि तो मोठा आहे: कार्ड रिकामं दिसलं की ते पुन्हा भरायला लागतं, आणि मग दोन कर्जं होतात. ज्यांना स्वतःची खात्री नाही त्यांनी कार्ड फेडल्यावर त्याची मर्यादा बँकेला सांगून खाली आणावी.

कार्ड फिटेपर्यंत पीपीएफमध्ये जास्तीचे पैसे टाकू नका. तिथे एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के मिळतात, कार्ड वर्षाला ४२ टक्के घेतं. पण पीपीएफ चालू राहील एवढे वर्षाचे ५०० रुपये भरा, आणि आरोग्यविम्याचा हप्ता कधीही चुकवू नका. कार्डानंतर तेच ७,००० सोनेतारणाच्या मुद्दलात जाऊ द्या. त्या वेगाने ते वर्षाच्या आत फिटतं आणि दागिना घरी येतो. सोनेतारणाची मुदत मध्येच संपत असेल तर व्याज वेळेवर भरून नूतनीकरणाचं आधीच विचारून ठेवा, मुदत उलटली की लिलावाच्या नोटिशीची भीती असते.

बोनस हाती आला की तो हौसेचाच आहे असं सगळ्या घराला वाटतं. २४,००० आले तर १२,००० कार्डात, ४,००० गंगाजळीत, ८,००० घराला. बारा हजार भरल्याने पुढच्याच महिन्याचं व्याज जवळपास ५०० रुपयांनी कमी होतं, म्हणजे एका महिन्याच्या मिसळीइतकं. ही वाटणी बोनस जमा होण्याआधी कागदावर लिहा. खात्यात पैसे दिसल्यावर ती होत नाही.

ज्यांच्यावर फक्त गृहकर्ज आहे, त्यांनी मात्र इतकं जिवावर उदार होऊ नये. २५ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता २१,६९५ च्या आसपास. वर्षाला एक हप्ता जास्त भरला तर हे कर्ज सुमारे साडेतीन वर्षं आधी संपतं आणि पाच लाखांहून जास्त व्याज वाचतं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँका व्यक्तींकडून २०१२ पासून मुदतपूर्व फेडीचा दंड घेऊ शकत नाहीत. एवढं जमलं की पुरे. वीस वर्षं म्हणजे मुलांचं अख्खं बालपण. त्यात सहलीच नसाव्यात हा सल्ला मी कुणाला देणार नाही.

आणि एक मर्यादा स्पष्ट सांगतो. सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जात असतील, किराण्यालाही पैसे पुरत नसतील, तर ही आखणी तुमच्यासाठी नाही. तिथे हौसेतले दीड हजार वाचवून काही सुटणार नाही. हप्ता चुकण्याआधी बँकेत जा, हप्ते कमी करून मुदत वाढवून मागा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एक कर्ज फेडायला मोबाइलवरच्या अॅपचं दुसरं कर्ज घेऊ नका. बँक किंवा वित्तसंस्थेने लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.